पुण्यातल्या गिग कामगारांचा अभ्यास करायचा तर तंट्यापासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए. समाजशास्त्राचं दुसरं वर्ष, प्रबंधिकेसाठी पुण्यातले गिग कामगार, म्हणजे पगाराऐवजी अ‍ॅपवर मिळेल त्या एकेका कामाचे पैसे घेणारे डिलिव्हरीवाले आणि कॅबचालक, घ्यायचे आहेत. मार्गदर्शकांनी शंभर जणांची 'कार्यसमाधान' प्रश्नावली सुचवली आहे. हे काम खरंच नवं आहे, की जुन्याच असंघटित कामाला मोबाइल जोडला आहे? आणि अभ्यासाला हात कुठून घालायचा?

आधी प्रश्नावलीचं बोलू, कारण ती एकदा छापून झाली की पुढचं सगळं तिच्याच मागे फरफटत जातं.

'कामावर समाधानी आहात का, एक ते पाच' हे वडगाव शेरीतल्या एखाद्या डार्क स्टोअरबाहेर (फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीचं गोदाम) उभ्या असलेल्या पोराला विचारलंत तर तो 'तीन लिहा' म्हणेल. 'चाललंय की' असंही वर सांगेल. खोटं नाही बोलणार तो. पण त्याच्या मनात तुलना कशाशी चालली आहे, ते तुमच्या कागदावर उतरत नाही. एकाने चाकणला ठेकेदारामार्फत हेल्परकी केलेली असते, सुपरवायझरच्या शिव्या खाल्लेल्या असतात आणि वर्ष भरायच्या आत कामावरून ब्रेक मिळालेला असतो. दुसरा बारा तासांची सिक्युरिटीची ड्युटी सोडून आलेला. तिसरा शास्त्री रोडवर अभ्यासिका लावून बसलेला, संध्याकाळी सात ते अकरा ऑर्डरी मारून मेसचे पैसे काढणारा. तिघेही 'तीन' म्हणतील आणि तिघांचे तीन वेगळे असतील. सरासरी काढलीत की तिन्ही माणसं गायब. बरं, 'साहेब नाही, आठवड्याला पैसे येतात, वाटलं तेव्हा गाडी काढतो' हे जे तो सांगतो तेही खरं असतं. पिळवणुकीचं गृहीतक घेऊन गेलात तर ते ऐकू येत नाही, आणि स्वातंत्र्याचं गृहीतक घेऊन गेलात तर एवढंच ऐकू येतं.

म्हणून माझा सल्ला: मत विचारू नका, तंटा विचारा. 'गेल्या महिन्याभरात पैसे कमी आले, दंड बसला, आयडी (अ‍ॅपवरचं खातं) बंद पडला, असं कधी झालं? मग काय केलंत? कोणाला फोन लावला? तो काय म्हणाला? पुढे?' एवढ्या एका धाग्यावर माणूस अर्धा तास बोलतो. आणि तो बोलतो तेव्हा कामाचे नियम कोण ठरवतं, ते कोणाला माहीत असतात, कोणाकडे दाद मागता येते, हे सगळं आपोआप बाहेर येतं.

एक तंटा जवळून बघू. कोथरूडहून बावधनची ऑर्डर. अ‍ॅप अंतर दाखवतं ते नकाशाच्या हिशेबाने. ग्राहकाने पिन टाकली आहे सोसायटीच्या मागच्या अंगाला, तिथे भिंत आहे, गेट नाही. पोरगा भिंतीपाशी पोचून फोन करतो. 'मेन गेटने या ना' असं उत्तर येतं. मेन गेटसाठी मोठा वळसा. गेटवर वॉचमन वहीत नाव लिहायला लावतो, गाडी बाहेर ठेवायला सांगतो, लिफ्ट सर्व्हिसचीच वापरायची. ती नवव्या मजल्यावर फर्निचर उतरवत अडकलेली. रात्री हिशेब उघडतो तर पैसे पिनपर्यंतच्या अंतराचे. वळशाचे नाहीत, थांबण्याचेही नाहीत. मदतीच्या पानावर आधीच ठरलेले पर्याय: ग्राहक फोन उचलत नाही, हॉटेलात उशीर झाला, पेमेंट दिसत नाही. 'पिन चुकीची होती' हा पर्यायच नाही. मग त्यातल्या त्यात जवळचा निवडायचा. दोन मिनिटांत उत्तर येतं, तुमचं पेमेंट तपासलं असून ते बरोबर आहे, आणि तक्रार बंद होते. टीएलला (टीम लीडरला) फोन केला तर तो म्हणतो, 'माझ्या हातात काय नाय रे भावा, सिस्टीमचं आहे.' व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला की खाली हसण्याचे चारदोन चेहरे आणि एकाचा सल्ला: बावधन पडलं की घेऊच नको.

सगळा मामला पंधरा-वीस रुपयांचा. तो सोडून देतो. पण तुम्ही सोडू नका. या एका प्रसंगात अंतर कोणी मोजलं, मोजणं चुकलं हे सिद्ध कसं करायचं, आणि सिद्ध केलं तरी ऐकणारा कोण, हे तिन्ही प्रश्न आहेत. टीएल खोटं बोलत नाही. त्याच्या हातात खरंच काही नसतं. तोही बहुतेक वेळा कंत्राटावरच असतो.

आता 'हे नवं आहे का' या प्रश्नाकडे वळू. अनिश्चित काम नवं नाही. तुकड्यावर पैसे नवे नाहीत. एका माणसाला दिवसभरात दहा मालक हेही नवं नाही. पुण्यात बसून हे नवं म्हणायचं असेल तर आधी मार्केट यार्डात एक सकाळ घालवा. हमालाचा मालक कोण? सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. पगार नाही, पोत्यामागे हमाली. स्वतःच्या खांद्यावर, स्वतःच्या जोखमीवर. कागदावर बघाल तर हाही 'स्वतंत्र'च. पण हमालीचा दर वाटाघाटीने ठरतो, तो सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि व्यापाऱ्याने कमी दिले तर टोळीचा मुकादम त्याच्या गाळ्यावर जाऊन उभा राहतो. तिथे मिटलं नाही तर हमाल पंचायत. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात ती उभी केली, आणि पुढे मुंबईतल्या अण्णासाहेब पाटलांच्या आणि इतरांच्या चळवळींच्या रेट्याने १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हा कायदा गिग कामाच्या अभ्यासकाने नीट वाचावा असा आहे. 'मालक कोण' या वादात तो अडकतच नाही. हमालाने माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, व्यापाऱ्यानेही मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या टक्क्यांत आकारलेली जादा रक्कम) मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. मालक दहा असोत की पन्नास, कामगाराचा हिशेब एका जागी. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार असे तिघेही बसतात. त्या मंडळांची आजची अवस्था, बोगस नोंदण्या, माथाडीच्या नावावर चालणारी खंडणीखोरी, हे सगळं खरं आहे आणि त्यावरही लिहिता येईल. पण आराखडा पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे हे विसरू नका.

याच शहरात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली, आणि तिच्यातूनच पुढे घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. 'स्वच्छ'ची सभासद बाई पालिकेची नोकर नाही, घरोघरून पैसे घेते, म्हणजे तीही स्वयंरोजगारीच. पण एखाद्या सोसायटीने पैसे थकवले तर ती कोणाकडे जाते, हे तिला विचारा. नाव घेऊन सांगेल.

मग अ‍ॅपने बदललं काय? माझ्या मते मुख्य गोष्ट ही: ज्याच्याशी भांडता येतं असा माणूस मधून काढून टाकला. मुकादम कमिशन खायचा, जातीपातीचं राजकारण करायचा, पण त्याचं घर माहीत असायचं. त्याला लाज होती, किंवा निदान भीती होती. आता दर रोज बदलतो, शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वेगळा इन्सेन्टिव्ह (ठरलेला टप्पा गाठल्यावरचे जादा पैसे) दिसतो. 'आपला दर काय' हेच सामाईक राहत नाही, तेव्हा दरासाठी एकत्र यायचं कशाच्या आधारावर? माझ्या पिढीच्या कामगार-अभ्यासकांना संप समजतो, घेराव समजतो. फोनमध्ये एकट्याने केलेली आणि दोन मिनिटांत बंद झालेली तक्रार कशी वाचायची, हे आम्हाला शिकावं लागलं.

मात्र तंटा असा मरत नाही. तो सरकतो. वरच्या माणसापर्यंत पोचता येत नाही, म्हणून तो आडवा पसरतो. हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराशी, गेटवरच्या वॉचमनशी, मागच्या सीटवरच्या प्रवाशाशी, आणि घरी बायकोशी. तुमच्या प्रबंधिकेत हे सरकणं टिपता आलं तर बाकी काही नसलं तरी चालेल.

पुण्याच्या कॅबचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. चौदा-पंधरा सालच्या सुमारास अ‍ॅप कंपन्या इथे पाय रोवत होत्या तेव्हा इन्सेन्टिव्ह भरघोस होते. ते बघून लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, काहींनी गावाकडची जमीन विकून. मग इन्सेन्टिव्ह आटले, हप्ते तेवढेच राहिले. चालकांची मागणी दराची होती. जानेवारी २०२४ पासून पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबसाठी दर ठरवून दिला: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे किलोमीटरला २५. अ‍ॅपवरचं भाडं मात्र अ‍ॅपच्याच हिशेबाने येत राहिलं. आंदोलनं झाली, निवेदनं झाली. २०२५ मध्ये बऱ्याच चालकांनी अ‍ॅपवरचा आकडा बाजूला ठेवून सरकारी दराने पैसे मागायला सुरुवात केली. म्हणजे झालं काय, कंपनी आणि चालक यांच्यातला तंटा विमानतळाच्या पार्किंगमध्ये चालक आणि प्रवासी यांच्यात येऊन पडला. प्रवासी म्हणतो, अ‍ॅपवर दिसतंय तेवढेच देणार. चालक म्हणतो, आरटीओचा दर बघा. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि ज्याच्यामुळे दोघं भांडताहेत तो तिथे हजर नाही. मी असल्या वादांत प्रवासी म्हणूनही बसलो आहे. सांगतो, टिपणवही काढायची हिंमत होत नाही. पण उतरल्यावर लगेच पाच ओळी लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत थांबलात तर अर्धं विसरलेलं असतं.

तसाच दुसरा सरकलेला तंटा: रिक्षावाले विरुद्ध बाइक टॅक्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्या रिक्षांनी बाइक टॅक्सीविरोधात बंद केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नसलेली ती सेवा राज्यात थांबवायला लावली. पुढे २०२५ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीचं धोरण आणलं. बातम्यांमध्ये ही रिक्षा संघटना आणि कंपनीची लढाई दिसते. धनकवडी-आंबेगावात जा, एकाच घरात बाप रिक्षा चालवतो आणि मुलगा दुचाकीवर सवारी मारतो. बापाचा धंदा कोणी खाल्ला यावर त्या घरात रात्री काय बोलणं होतं, ते तुम्हाला कुठल्याच आकडेवारीत मिळणार नाही.

यातून पुढचा मुद्दा येतो: एकक म्हणून माणूस घेऊ नका, घर घ्या. पुण्याला या बाबतीत जुनी परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने गोखले अर्थशास्त्र संस्थेने तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात या शहराची पाहणी सुरू केली, ती कुटुंबं धरून. १९४५ आणि १९५२ साली तिचे अहवाल आले. १९५७ मध्ये रिचर्ड लँबर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला. कारखाना आला की माणूस गावापासून, जातीपासून, जुन्या नात्यांपासून सुटेल, अशी त्या काळच्या विद्वानांची अपेक्षा होती, आणि भारतीय कामगार कारखान्यात टिकत नाही अशी तक्रार. लँबर्टना कामगार नोकरीला घट्ट धरून बसलेले दिसले. ग्रंथालयात मिळाला तर हा अभ्यास जरूर चाळा. कारण तुम्हाला पिंपरी-चिंचवडमध्ये अशी घरं भेटतील जिथे आजोबांनी तशी नोकरी धरून ठेवली होती, बापाने व्हीआरएस घेतली आणि नातू आता अ‍ॅपवर लॉगिन करतो. नातवाला जे 'स्वातंत्र्य' परवडतं ते आजोबांच्या निगडी प्राधिकरणातल्या घरामुळे. त्याच्याच शेजारी उभा असलेला परभणीचा पोरगा नऱ्ह्यात पाच जणांत खोली करून राहतो, त्याला महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायचं असतं. अ‍ॅपच्या लेखी दोघे सारखे, दोघांनाही तोच स्लॉट, म्हणजे कामाची तीच वेळ. नकार देण्याची ताकद दोघांची सारखी नाही. हा फरक जात, जमीन आणि घर या तीन गोष्टी विचारल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा लाजू नका, विचारा. फक्त पहिल्या भेटीत नको.

बायकांचं इथे दोन प्रकारे बघावं लागेल. डिलिव्हरीत त्या कमी दिसतात, पण घरी येऊन ब्यूटी पार्लरची कामं करणाऱ्या, आता घरकामालाही अ‍ॅपवरून येणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या बाबतीत अनोळखी घरात एकटीने शिरणं हाच कामाचा भाग असतो, आणि वाईट अनुभव आला तरी रेटिंग ग्राहकाच्याच हातात. दुसरं म्हणजे पुरुष रायडरच्या घरातली बाई. रात्री एकला येणाऱ्याला गरम जेवण, पावसात भिजलेला रेनकोट वाळवणं, सकाळी मुलांचा गलका आवरून त्याला झोपू देणं. या श्रमाशिवाय तो 'लवचीक' वेळ लवचीक राहत नाही. मुलाखत घरी घेतलीत तर मध्येच स्वयंपाकघरातून एखादी दुरुस्ती येते, 'कुठे हो बारा, परवा दोन वाजले होते.' ती दुरुस्ती लिहून घ्या.

लोक भांडत का नाहीत, याचं एक उत्तर इन्सेन्टिव्हच्या रचनेतही आहे. मायकेल बुरावॉय हे समाजशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात शिकागोजवळच्या एका कारखान्यात यंत्रावर स्वतः कामाला राहिले. तुकड्यावर पैसे मिळणारे कामगार कोटा गाठण्याचा खेळ करतात, त्या खेळात रंगतात, आणि खेळ रंगला की नियम कोणी केले हा प्रश्न मागे पडतो, असं त्यांनी दाखवलं. रात्री साडेदहाला स्वारगेटजवळ उभ्या असलेल्या पोराला 'घरी का जात नाहीस' विचारा. 'दोन बाकी आहेत.' दोन ऑर्डरी झाल्या की पुढचा टप्पा लागतो. त्या दोन येता येत नाहीत, अशी प्रत्येकाची तक्रार असते. शेवटच्या ऑर्डरी मुद्दाम अडवतात, अशी पक्की समजूत. ती खरी आहे का हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही आणि करायची गरजही नाही. ती समजूत कुठून येते, ती ग्रुपवर कशी फिरते, कोण कोणाला कोणता उपाय सांगतो (फोन बंद करून चालू कर, झोन बदल, हॉटेलच्या दारात उभा राहू नको) हे लिहा. यंत्रणा दिसत नाही तेव्हा माणसं तिच्याबद्दल सिद्धान्त मांडतात. तो त्यांचा अभ्यास आहे आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा बारीक असतो.

पद्धतीबद्दल काही गोष्टी, ज्या पुस्तकात सापडत नाहीत. दुपारी साडेतीन ते साडेपाच ही बोलायची वेळ, जेवणाची गर्दी ओसरलेली असते. जेवणाच्या वेळी थांबवलंत तर तुम्ही त्याची ऑर्डर खाल्ली. डार्क स्टोअरच्या दारात उभं राहून मुलाखत घेऊ नका, कॅमेरे असतात आणि टीएल विचारतो 'कोण होतं ते'. शंभर मीटरवरची चहाची टपरी बरी. चहाचे पैसे तुम्ही द्या, त्याला देऊ देऊ नका, तो द्यायला बघणारच.

जे टिकलेत तेच तुम्हाला रस्त्यावर भेटतात. सोडून गेलेले भेटत नाहीत, आणि सगळ्यात मोठे तंटे त्यांच्याकडे असतात. त्यांना शोधायला खोलीवरचे जुने सोबती गाठा. मराठवाड्यातली बरीच पोरं सोयाबीनच्या काढणीला गावी जातात आणि कंपन्यांना नेमकी तेव्हाच दसरा-दिवाळीची माणसं हवी असतात. तुम्ही स्वतः धाराशिवचे आहात असं लिहिलंय, तर दिवाळीत गावी गेल्यावर तिथेच मुलाखती घ्या. पुण्यात जे 'चाललंय की' म्हणतात ते गावच्या पारावर वेगळं बोलतात.

आयडी भाड्याने देण्या-घेण्याबद्दल तुमच्या कानावर येईलच. कोणाचा ब्लॉक झाला म्हणून भावाच्या नावावर, कोणाचं वय बसत नाही म्हणून मित्राच्या. हे वाचायला चटपटीत असतं, म्हणून विद्यार्थी त्याच्यावर अख्खं प्रकरण लिहितात. जपून. परिसर, महिना आणि वाहन एकत्र लिहिलंत तर माणूस ओळखू येतो आणि त्याचं पोट बंद होतं. स्क्रीनशॉट घ्या, पण नाव, नंबर, ऑर्डरचा क्रमांक आणि ग्राहकाचा पत्ता त्याच्यासमोर पुसा. त्याला दाखवा की पुसलंय.

आकडेवारीबद्दल एवढंच: नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालातले आकडे, २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी, प्रत्येक प्रबंधिकेच्या पहिल्या परिच्छेदात असतात. तो अंदाज आहे, शिरगणती नाही. श्रमबल पाहणीच्या माहितीवरून आडवळणाने काढलेला. द्यायचाच तर तसं सांगून द्या. आपल्या नियमित श्रमबल पाहणीत माणूस स्वयंरोजगारी, पगारदार किंवा रोजंदारीवरचा यांपैकी कुठेतरी बसवला जातो. अ‍ॅपवर गाडी चालवणारा पहिल्या खणात जातो, किराणा दुकानदाराच्या शेजारी.

कायद्याचं प्रकरण शेवटी घ्या, पण घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांना पहिल्यांदा व्याख्येत आणलं. अ‍ॅग्रीगेटरने, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने, वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला, आणि तुमच्या विषयाला तोच जास्त उपयोगी आहे: त्यात काढून टाकताना लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस, तंटा निवारणाची सोय, आणि स्वयंचलित यंत्रणा कामगाराबद्दल निर्णय कसे घेते हे सांगण्याची सक्ती आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक 'वर्कर' ठरवले, त्यावर मराठीत पुष्कळ टाळ्या पडल्या. पण तिकडच्या कायद्यात नोकर आणि स्वतंत्र धंदेवाईक यांच्या मधला तो एक खण आधीपासून होता, आपल्याकडे तो तसा नाही. केंद्राची संहिता सामाजिक सुरक्षेचं बोलते, दराचं आणि तंट्याचं बोलत नाही. माथाडी मंडळात मजुरी स्वतः मंडळातून जायची, म्हणून कोणी किती दिले ते दिसायचं. संहितेच्या निधीत टक्के जमा होतील, बावधनच्या त्या वळशाचे पैसे कुठे मागायचे ते त्याने ठरत नाही. माझं मत विचाराल तर महाराष्ट्राने कायदा करताना राजस्थानकडे बघण्याआधी स्वतःच्या १९६९ च्या कायद्याकडे बघावं. हे मत प्रबंधिकेत माझ्या नावावर घालू नका, तुमच्या सामग्रीतून निघालं तर तुमच्या नावावर घाला.

राहता राहिले तुमचे मार्गदर्शक. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. शंभराची प्रश्नावली हवीच असेल तर ती घराची करा: घरात कमावते किती, गावी जमीन किती, कर्ज कोणतं, हप्ता किती, पुण्यात स्वतःचं घर की भाड्याचं, या कामाआधी काय करत होते. दोन पानांत बसतं. समाधानाचा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. मग त्यातल्या पंधरा-वीस जणांकडे पुन्हा पुन्हा जा आणि प्रत्येकाचा एक तंटा पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढा, तारखांसकट आणि पडद्यावर आलेल्या शब्दांसकट. त्यासाठी टिपणाचे रकाने आत्ताच आखा: किती रुपये, कशाबद्दल, पहिला फोन कोणाला, त्याचं उत्तर, दुसरा फोन कोणाला, शेवटी राग कोणावर निघाला. शेवटचा रकाना भरायला जड जातो, त्याला वेळ लागतो, म्हणून मुलाखती जूनमध्येच सुरू करा. पावसात तंटे जास्त असतात.